तेलाचा रंग

सोमवार, ३ जुलै

ट्रान्सफर केस जवळजवळ कोरडी निघाली. खालचा बोल्ट काढला तर दोन लिटरच्या जागी कपभर तेल आलं, तेही जळकं. मालोमेंनी ते बोटांत चोळून पाहिलं आणि सांगितलं की मागचं सील गळतंय, आत मात्र काही मोडलेलं नाही. बोटाला धातूचा कीस लागला नाही म्हणाले. म्हणजे सील बदलायचं आणि नवीन तेल भरायचं, एवढंच काम.

मालोमे म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. गाडीचं मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं.

ही वही अंत्यविधी सोसायटीने, म्हणजे दफनाच्या खर्चासाठी वर्गणी काढणाऱ्या बायकांच्या मंडळाने, ट्रकच्या नोंदींसाठी दिली आहे. पुढच्या पानांवर किलोमीटर लिहायचे असतात, मी मागच्या पानांवर हे लिहितो. ट्रक जपानहून आलेला, जुना, चारही चाकं ओढणारा. मार्चमध्ये सोसायटीतल्या एका बाईंचं शव मोकोबेला गावी नेताना भाड्याची गाडी वाळूत रुतली. शनिवारी पहाटे व्हायचं दफन रविवारी दुपारी झालं. रात्रभर पाहुणे रिकाम्या अंगणात बसून होते. तेव्हाच बायकांनी ठरवलं की आता गाडी आपली हवी.

आज अध्यक्ष म्मा सेथुन्या बघायला आल्या होत्या. विचारलं, "ही कसली पेटी?"

"इंजिनाची ताकद मागच्या आणि पुढच्या चाकांत वाटून देते."

"वाटणी करते? मग ती बिघडायचीच."

मालोमेंनी तेलाची बोटं नाकाशी धरली होती. "रंग कोणता?" त्यांनी मला विचारलं. शिकाऊ होतो तेव्हापासून ते असंच विचारतात. तेल त्यांच्या हातात असतं, आणि रंग मी सांगायचा. मी एकेचाळीस वर्षांचा झालो, गॅरेज माझ्या नावावर आहे, तरी परीक्षा चालूच. त्यातून म्मा सेथुन्यांच्या समोर. मी वर न बघताच म्हटलं, "काळा."

"काळाच?"

"जळून काळा झालाय, मालोमे. दुसरा कुठला असणार?"

त्यांनी पुन्हा वास घेतला. "सडक्या अंड्याचा वास नाही. गियरच्या तेलाला असतो." बोटं पुन्हा चोळली. मग म्हणाले, "जुनं झालं की उडतही असेल. काळं म्हणतोस तर गियरचंच असणार. जाडं तेल भर. सरकारी गॅरेजात तीस वर्षं मी दुसरं घातलं नाही."

सील इथे माउनमध्ये मिळत नाही. फ्रान्सिसटाउनहून बसने मागवलंय.

मंगळवार, ४ जुलै

दाराच्या आतल्या बाजूला एक पत्रा चिकटवलेला सापडला. त्यावर सगळ्या तेलांची माहिती असावी, पण सारी जपानी अक्षरं. फोटो काढून बस थांब्याजवळच्या चिनी दुकानात गेलो. मालक लिन. आमची सेत्स्वाना भाषा तो माझ्यापेक्षा जलद बोलतो.

त्याने फोटो मोठा करून पाहिला. "हे आमचं अक्षर. हे पण आमचं. आणि ही वाकडी चार त्यांची, ती मला येत नाहीत."

"जेवढं येतं तेवढं सांग."

"वेग बदलायची पेटी, तिची मदतनीस पेटी. तेल. नेमून दिलेलं तेल कुठलं, तर..." तो थांबला. "ही वाकडी चार. आणि पुढे: याखेरीज दुसरं वापरायला मनाई."

"म्हणजे कुठलं घालायचं तेवढं सोडून सगळं वाचता आलं."

"रा, मी ब्लँकेटं विकतो," लिन आमच्यासारखं आदराचं 'रा' लावून म्हणाला.

मालोमेंना सांगितलं. फोटो त्यांच्यापुढे धरला तर त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही. "चिनी माणूस ब्लँकेटं विकतो, तेल विकतो का? भर म्हटलंय ना." मग तेलाचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "नंबर वाच. चष्मा घरी राहिला." डबा त्यांनी स्वतः निवडून आणलेला, नंबर त्यांना पाठ असणार. मी वाचला. त्यांनी मान डोलावली.

नेमून दिलेलं तेल म्हणजे काही तरी वेगळं असणार, असं मनात येत राहतं. साधं गियरचं तेल असतं तर त्यांनी ताकीद कशाला दिली असती? पण पत्रा जपानचा आहे आणि वाळू इथली. मालोमेंना वाळू कळते.

शुक्रवार, ७ जुलै

सील बसवलं, जाडं तेल भरलं. सोसायटीच्या अकरा बायका अंगणात खुर्च्या टाकून बसल्या होत्या. कुणीतरी पिठाच्या गोळ्यांच्या मग्विन्या तळून आणल्या होत्या, चहा झाला. मालोमे व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "तुमचा ट्रक तयार आहे. यापुढे मोकोबेलाचा कुणीही माणूस वाळूत झोपणार नाही." बायकांनी गाणं म्हटलं.

पायरी उतरताना त्यांनी पाऊल आधी पुढे टेकून पाहिलं, मग भार दिला. गुडघे गेलेत बहुतेक. म्मा सेथुन्यांशी हात मिळवायला गेले आणि हात पुढे केला तो शेजारच्या बाईंपुढे. बायका खूप हसल्या. "रा, या वयात निवड करायला लागलात?" मालोमेही हसले. म्हणाले, "सगळ्याच सुंदर, घोटाळा होणारच."

मला बरं वाटलं. आई इस्पितळात गेल्यापासून ते हसले नव्हते.

रविवार, ९ जुलै

भेटीच्या वेळेला आईकडे गेलो. नर्स म्हणाली, फुप्फुसात पाणी परत भरलंय, आता काढण्यात अर्थ नाही. आई जागी होती. विचारलं, "ट्रक झाला?"

"झाला."

"वाळूत घातलास?"

"उद्या घालतो."

"मला त्यातूनच ने," म्हणाली. "भाड्याच्या गाडीत नको." निघताना माझा हात धरून म्हणाली, "मामाला रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नकोस."

औषधांनी तिचं डोकं भरकटायला लागलंय. मालोमे सत्तरीचे झाले, पण अजून बाजारात एकटे जातात.

सोमवार, १० जुलै

सकाळी सातला ट्रक बाहेर काढला. आमच्याकडे जुलै म्हणजे हिवाळा, काचेवर दंव होतं. चार चाकांचा दांडा हलेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा आतून खरखर करत पडला. नदीपलीकडच्या वाळूत पंधरा किलोमीटर चालवला. दहाव्या किलोमीटरपासून पायाखालून बारीक शीळ यायला लागली. थांबून पेटीला हात लावला तर चटका बसला.

जाडं तेल थंडीत मधासारखं होतं, ते वर चढतच नसावं. मग वरची बेअरिंगं कोरडी फिरतात आणि तापतात. मला हे कळतंय, आणि तरी मी स्वतःची उलटी समजूत घालतोय. नवीन सील आहे, पेटी जुनी आहे, रुळेल.

मालोमेंना फक्त एवढंच सांगितलं की दांडा घट्ट आहे. ते म्हणाले, "शीळ आली का?"

मी म्हटलं, "थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

मी विषय बदलला. का बदलला, ठाऊक नाही.

बुधवार, १२ जुलै

आई पहाटे सहाला गेली. इस्पितळातून फोन आला, मग मालोमेंनी तिथे जाऊन तिचा हात हातात घेऊन पाहिलं आणि सगळ्यांना कळवलं.

शुक्रवार, १४ जुलै

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घरचे बसले. दफन शनिवार, २२ तारखेला आईच्या गावी, मोकोबेलात. शुक्रवारी बाराला शवागारातून आईला घ्यायचं, सूर्य मावळायच्या आत तिच्या अंगणात पोचायचं. वीस किलोमीटर डांबर, पुढे पंचावन्न किलोमीटर वाळू. मालोमे बोलत होते आणि सगळे ऐकत होते. तिचा भाऊ म्हणून हे सगळं त्यांनीच ठरवायचं असतं. शेवटी म्हणाले, "माझी बहीण सोसायटीच्या ट्रकमधून जाईल. पहिला मान तिचा. ट्रकला काय हवं-नको ते मी स्वतः पाहिलंय."

तेव्हाच बोलायला हवं होतं, की ट्रक तापतो, आणि बहुधा तेल चुकलंय. पण वीस माणसं बसलेली, माझ्या मावशा, मोकोबेलाचे दोघे वडीलधारे. ज्याच्या शब्दावर दफन चालायचं, त्याचा शब्द खोटा म्हणायचा, तोही त्याच्या बहिणीच्या आठवड्यात? मी चहाचे कप गोळा केले.

बाहेर म्मा सेथुन्यांनी गाठलं. निवृत्तीच्या आधी त्या याच इस्पितळात नर्स होत्या. "तुझ्या मालोमेंना डॉक्टरकडे ने."

"त्यांना काय झालंय?"

"तू रोज त्यांच्याबरोबर असतोस आणि मला विचारतोस?"

दुःख झालंय, दुसरं काय. त्याला डॉक्टर काय करणार.

रविवार, १६ जुलै

झोप नाही म्हणून गॅरेज झाडायला घेतलं. ट्रक पहिल्यांदा आला त्या रात्री मी त्याच्याखाली खोक्याचा पुठ्ठा टाकला होता, तो कोपऱ्यात पडला होता. जुन्या तेलाचा तळहाताएवढा डाग. मधोमध काळा. पण दोन आठवड्यांत तेल पुठ्ठ्यात पसरत गेलंय, आणि कडेला, जिथे काजळी पोचली नाही, तिथे डाग गुलाबी आहे.

उन्हात नेऊन पाहिला. गुलाबीच.

गियरचं तेल पिवळट असतं, कितीही जुनं झालं तरी पसरून गुलाबी होत नाही. तांबडं तेल ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं असतं, पातळ, पाण्यासारखं वाहणारं. मला हे पहिल्या दिवशी दिसलं असतं. मालोमेंनी दोनदा विचारलं होतं. मी वरही पाहिलं नव्हतं.

शेल्फवर एका डब्याच्या तळाशी जुन्या तांबड्या तेलाचा उरलेला घोट होता. त्याचा एक थेंब आणि जाड्या तेलाचा एक थेंब, त्याच पुठ्ठ्यावर डागाशेजारी टाकलेत. उद्यापर्यंत पसरू देतो. शंका उरायला नको.

सोमवार, १७ जुलै

राष्ट्रपती दिनाची सुट्टी, आज आणि उद्या. सगळं बंद.

थेंब पसरलेत. तांबड्याची कड आणि जुन्या डागाची कड एकच आहे. जाड्याची पिवळी आणि चिकट.

राजधानीजवळ मोगोडित्शानेत जपानी गाड्या मोडून सुटे भाग विकणारा एकजण आहे. त्याला पाच वेळा फोन केला. सुट्टीसाठी तो त्याच्या गुरांच्या वाड्यावर गेलाय, वारुळावर चढल्याशिवाय आवाज येत नाही म्हणाला.

"तुझ्या ट्रकची पेटी मी तीनदा उघडलीय. आत चेन आहे," तो म्हणाला. "दात्यांची पेटी असेल तर जाडं तेल. चेन असेल तर पातळ तांबडं. आत छोटा पंप असतो, त्याला जाडं तेल ओढत नाही."

"पक्कं?"

"मित्रा, मी वारुळावर उभा आहे. पक्कं नसतं तर केव्हाच खाली उतरलो असतो."

"जाडं घालून पंधरा किलोमीटर वाळूत चालवलाय."

"थंडीत?"

"हो."

"आता काढ. चुंबकाला काय चिकटतं बघ. भुकटी असेल तर चालून जाईल. पापुद्रे असतील तर लांब नेऊ नकोस."

आज प्रार्थनेला मालोमे माझ्या शेजारी बसले होते. गाण्यांचं पुस्तक उलटं धरलं होतं. गाणी त्यांना पाठ आहेत, पण इतकं भान हरपलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. अशा माणसाला तेलाचं कसं सांगणार?

बुधवार, १९ जुलै

सकाळी दुकान उघडताच आठ लिटर तांबडं तेल आणलं. मालोमे मोकोबेलाच्या माणसांबरोबर दफनासाठी बैल निवडायला गेले होते. घरच्यांना सांगितलं की ब्रेक बघतोय.

जाडं तेल सोडलं. वास सगळ्या गॅरेजभर. बोल्टच्या चुंबकावर राखाडी गाळ होता, बोटाने पुसला. बहुतेक भुकटीच. पण पुसलेल्या गाळात अडकलेला एक कण चमकला, नखाच्या टोकाएवढा. पापुद्रा म्हणावा की मोठी भुकटी, ठरवता येत नाही. भिंगाखाली धरूनही नाही.

दोन लिटर तांबडं घातलं, अंगणातच अर्धा तास चाकं वर उचलून फिरवली, तेही सोडलं. ते गढूळ गुलाबी आलं. पुन्हा तसंच केलं. तिसऱ्यांदा भरलं ते ठेवलं. दांडा आता एका बोटाने पडतो. शीळ नाही. पण अंगण म्हणजे वाळू नव्हे.

सोडलेलं तेल पत्र्याच्या पिंपात ओतून पिंप शेडच्या मागे ठेवलं. चोरी केल्यासारखं. मालोमेंनी भरलेलं तेल मी त्यांच्या पाठीमागे काढलं. उद्या ते विचारतील, आणि मला काहीतरी सांगावं लागेल. आईचं दफन होईपर्यंत गप्प राहावं, असं ठरवलंय.

गुरुवार, २० जुलै

दुपारी मालोमे आले. कुंपणाच्या तारेवर हात ठेवत ठेवत आले आणि टायरवर बसले. ट्रकखाली वाकले, श्वास घेतला.

"अंड्याचा वास गेला," म्हणाले.

मी पाना पुसत राहिलो.

"गेल्या आठवड्यात होता. आज नाही. काय भरलंस?"

"तांबडं."

"रंग बघून सांगतोस?"

"बघून सांगतोय. तांबडा, स्वच्छ."

"मग पहिल्या दिवशी कसला होता?"

सगळं सांगितलं, पुठ्ठा, गुलाबी कड, वारुळावरचा माणूस, पंधरा किलोमीटर, चुंबकावरचा कण. त्यांनी तो कण मागितला. मी कागदात ठेवला होता. त्यांनी तो पाहिला नाही. जिभेच्या टोकाला लावला, मग दोन नखांमध्ये दाबला.

"वाकतोय," म्हणाले. "पोलादाचा नाही. पितळी कड्याचा असेल. पोचवील आपल्याला. परत येईल की नाही, ते नंतर बघू."

"मालोमे, मी तुमचं तेल तुम्हाला न विचारता..."

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले. "दोनदा."

"हो."

"मी रंग विचारतो तो कशासाठी, असं वाटतं तुला?"

"परीक्षा घ्यायला."

ते हसले, पण ट्रक तयार झाला त्या शुक्रवारसारखं नाही. मी माफी मागितली, त्यांनी हात हलवला, माशी उडवल्यासारखा. मग म्हणाले, "म्मा सेथुन्या आल्या होत्या. सोमवारी मला डॉक्टरकडे नेणार आहेत. तू पण चल."

"कशासाठी?"

"सोमवारी कळेल. आधी तिला पोचवू."

खिशातून त्यांनी ट्रकची त्यांच्याकडची दुसरी किल्ली काढून माझ्या पुढ्यात धरली. घरच्यांसमोर त्यांनी पहिला मान बहिणीला दिला तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की ट्रक तेच चालवणार. मी तसं म्हटलं.

"तू चालव. मी शेजारी बसून पेटी ऐकतो. शीळ आली की सांगेन, थांबायचं, निवू द्यायची, पुढे जायचं. वेळ धरूनच निघू, बाराला नाही, साडेअकराला."

ते गाडीत असताना, तीस वर्षांत त्यांनी मला स्वतःहून किल्ली दिलेली ही पहिली वेळ. चुकीनंतर दिली, हे मला समजत नाही. कदाचित वयाने थकले असतील. कदाचित हीच माझी शिक्षा असेल, की आईला नेताना पेटी बसली तर स्टीअरिंगवर मी असावं.

जाताना अंगणाच्या फाटकाशी थांबले. "आणि एक. वाटेत गप्प बसू नकोस. जे दिसेल ते मोठ्याने बोलत राहा. वाळू कुठे लागली, रंग कसला आहे, पांढरी की तांबूस, चाकोऱ्या किती खोल, कुणाची गुरं, कुठलं झाड. सगळं."

आमच्याकडे असं कुणी करत नाही. आईला ऐकू जावं, आपण कुठवर आलो ते तिला कळावं, म्हणून सांगत असतील. मी हो म्हटलं. त्यांना रस्ता ओलांडून घरापर्यंत सोडून आलो. आईने सांगितलं होतं म्हणून.

तेलाची पातळी पुन्हा पाहिली, बरोबर आहे. दोन लिटर तांबडं सीटखाली ठेवलंय. उद्या साडेअकराला शवागार, सव्वाबारापर्यंत डांबर संपेल, तिथे उतरून पुढची चाकं इंजिनाला जोडणारी कुलपं लावायची आणि दांडा टाकायचा. तिथून मी बोलायला सुरुवात करीन. पहिली वाळू पांढरी असते.